सोपानभावजींशी बोलताना

सकाळची वेळ होती. मी चाकणला माहेरी आले होते. दुसऱ्या दिवशी भाचीचं बारसं होतं, म्हणून ओसरीवर बसून घुगऱ्यांचे गहू-हरभरे निवडत होते. दारात सायकल थांबली. मान वर केली तर सावंत! सावंत म्हणजे माझ्या धाकट्या दिराचे, सोपानभावजींचे, कारखान्यातले सोबती. पिंपरीहून थेट चाकणपर्यंत सायकल मारत आले होते. सदरा अंगाला चिकटला होता. "सावंत, तुम्ही? एवढ्या लांब?" मी विचारलं.  त्यांनी उजवा हात वर केला आणि टाळूवर बोट एकदा गोल फिरवलं. आमच्या घरात ती खूण म्हणजे सोपानभावजींचं नाव. मग तोच हात त्यांनी खाली आणला आणि तळवा हळूच आडवा केला... झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं, तसा.

मला ऐकू येतं, सावंतांना बोलता येतं. तरी ती बातमी त्यांनी मला हातानं सांगितली आणि मीही ती तशीच घेतली. आतून वहिनी आली. "काय झालं? काय म्हणाले ते?" असं तिनं विचारलं, तेव्हा मला ते तोंडानं सांगावं लागलं. रडू फुटलं ते तेव्हा.

मुदतीच्या तापानं भावजी महिनाभर अंथरुणावर होते. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात राहून आले, ताप उतरला, मऊ भात पोटात ठरू लागला. म्हणून तर मी माहेरी जायला तयार झाले. निघताना त्यांनीच मला घाई केली होती. भाचीचं नाव काय ठेवलं ते परत आल्यावर आधी मला सांगायचं, असं बजावलं होतं. ताप पुन्हा चढला, आणि दवाखान्यात न्यायला टांगा दारात येईपर्यंतही ते थांबले नाहीत. भाचीचं नाव मंगल ठेवलं. बारसं पुढं केव्हातरी, घरच्या घरी झालं.

सोपानभावजी काही कुणी मोठे गृहस्थ नव्हते. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ज्यांच्यावर लेख येतात, तसे तर नव्हतेच. पण गेल्या काही आठवड्यांत इतक्या माणसांनी येऊन मला त्यांच्या गोष्टी सांगितल्या, की आता माझ्याजवळच्या गोष्टीही कुणाला तरी सांगाव्यात असं वाटू लागलं आहे.

देश प्रजासत्ताक झाला त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी चिखलीला नांदायला आले. वडील शाळामास्तर, त्यामुळे मी मराठी सातवी पास झालेली. सासर शेतकऱ्याचं. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. माझे यजमान, ज्यांना सारं घर 'थोरले' म्हणे, म्हणून मीही इथं तसंच लिहिते. आणि धाकटे सोपान. वयानं माझ्याएवढेच असतील. उंच, सावळे, आणि कपाळाच्या वर केसांचा असा एक भोवरा, की कितीही तेल लावलं तरी तिथला झुपका उभाच. तीन-चार वर्षांचे असताना मोठा ताप आला आणि त्यात ऐकू येणं गेलं. "तवा दोन-चार शब्द बोलायचा," आत्याबाई सांगायच्या. "आये म्हनायचा. मग त्येबी हळूहळू गेलं." गावात त्यांना कुणी सोपान म्हणत नसे. मुका म्हणत. 'मुक्याला सांग', 'मुका कुठं गेला', असं. त्यात कुणाच्या मनात वाईट नसायचं. नावच पडलं होतं.

नव्या सुनेनं दिराला भावजी म्हणायचं, हे मला आईनं शिकवून पाठवलेलं. मी पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाले, "भावजी, पाणी." आत्याबाई हसल्या. "अगं, त्याला काय ऐकू जातंय?"

"मला ऐकू जातंय ना," मी म्हणाले.

माझे ओठ हलले हे भावजींनी पाहिलं होतं. त्यांनी मनगट वळवून हाताचा पंजा वर केला. काय? काय म्हणालीस? मी त्यांच्याकडे बोट दाखवलं, थोरल्यांकडे दाखवलं, दोन बोटं एकमेकांना चिकटवली आणि त्यातलं एक थोडं खाली सरकवलं. थोरल्यांचे धाकटे भाऊ. ते कितीतरी वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी तीच दोन बोटं तशीच केली. आमचं बोलणं तिथून सुरू झालं.

त्यांच्याकडे आधीपासून बऱ्याच खुणा होत्या. फक्त त्या कुणी विचारल्या नव्हत्या. आत्याबाई म्हणजे दातांवरून फिरवलेलं बोट, कारण त्या मिश्री लावायच्या. थोरले म्हणजे मिशीला पीळ. मी सातवी शिकलेली आणि वर्तमानपत्र हातात घेऊन बसणारी, म्हणून माझं नाव दोन तळवे पुस्तकासारखे उघडून. मी त्यांना विचारलं, तुमची खूण कोणती? त्यांनी कानाकडे बोट नेलं आणि 'नाही' असा हात हलवला. ऐकू न येणारा. एवढंच त्यांना स्वतःबद्दल सांगता येत होतं.

घरात त्यांना कुणी कमी केलं असं नाही. दसऱ्याला पहिला नवा सदरा त्यांना, दुधावरची साय त्यांना. पण घरात चार पाहुणे आले की आत्याबाई त्यांना आधीच चुलीपुढं बसवून जेवू घालायच्या. पंगतीला ते कधी बसले नव्हते. लग्नाकार्याला सारं घर जायचं तेव्हा ते राखणीला मागं. मी एकदा आत्याबाईंना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या, थापता थापता थांबल्या. "खाताना आवाज करतो, बाई. त्याला कळत न्हाई. लोकं हसत्यात. माझं लेकरू मी कुनाच्या हसन्याला का देऊ?"  मायेनंच त्यांना घरात ठेवलं होतं, आणि मायेशी भांडायचं कसं ते मला त्या वयात ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पाऊस ओढ देऊन गेला. वैरण संपत आली. थोरल्यांनी हरण्या नावाचा बैल चाकणच्या बाजारात विकला. हरण्याला वासरू असल्यापासून भावजींनी वाढवलेलं. संध्याकाळी ते शेतावरून आले, गोठ्यात गेले आणि तसेच पळत बाहेर आले. दावणीला बैल नाही. ते आल्या पावली शेताकडे गेले. आम्हांला वाटलं, काही विसरलं असेल. सकाळी बघतो तर अंथरूण रिकामं. दिवसभर पत्ता नाही. दिवेलागणीला आले तेव्हा पायांना चिखल, टाचा फुटलेल्या, चेहरा ओढलेला. नदीच्या काठाकाठानं ते पार चऱ्होलीपर्यंत बैल शोधत गेले होते. वाटेत भेटेल त्याला दोन्ही हात डोक्याला लावून शिंगं करून दाखवत होते, असं मागाहून लोकांनीच सांगितलं.

मी थोरल्यांना विचारलं, "भावजींना सांगितलं नव्हतं?"

"त्याला काय सांगायचं? कळनार हाय का?"

"चऱ्होलीपर्यंत सगळ्यांना त्यांनी विचारलं, आमचा बैल पाहिला का. सगळ्यांना कळलं ते काय विचारतायत. मग आपल्यालाच कसं कळत नाही त्यांच्याशी बोलायचं?"

 थोरले उठले आणि अंगणात भावजींपुढं जाऊन उकिडवे बसले. त्यांना हात कसे हलवायचे ते येत नव्हतं. शिंगं केली. कासरा धरल्यासारखं केलं, तो कुणाच्या तरी हातात दिल्यासारखं केलं. मग भावजींचं मनगट धरून त्यांना वैरणीच्या जागेकडे नेलं आणि रिकामी जमीन दाखवली. पोट आत ओढून बैलाची उपासमार दाखवली. एवढे मिशीवाले थोरले, गाल आत ओढून उभे राहिले होते... दुसऱ्या वेळी मी हसले असते. भावजींनी सगळं बघून घेतलं. मान हलवली. मग आत येऊन जेवायला बसले आणि जेवता जेवता डोळे पुसत राहिले. दोन भाऊ एकमेकांशी बोलले असं मी त्या घरात तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या दसऱ्याला पाहुण्यांची पंगत बसली तेव्हा थोरल्यांनी चुलीपुढून भावजींना हाताला धरून आणलं आणि आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं. आत्याबाईंचा जीव दारात अडकला होता. भावजींनी आमटीचा भुरका मारला, जरा मोठाच. समोरचा एक पाहुणा शेजाऱ्याला कोपर मारून हसला. थोरल्यांनी घास खाली ठेवला. "काय झालं, पाव्हनं? आमालाबी सांगा की, आमीबी हसू." पाहुण्यानं ताटात मान घातली. पंगत पुढं सुरू झाली. नंतर आत्याबाई मला हळूच म्हणाल्या, "पोटभर जेवला गं." रोजच ते पोटभर जेवायचे. पण त्यांना काय म्हणायचं होतं ते मला समजलं.

पुढं पिंपरीच्या माळावर औषधांच्या नव्या कारखान्याचं बांधकाम निघालं. चिखलीची तरणी पोरं सायकली घेऊन तिकडे जायला लागली. भावजींनाही जायचं होतं. थोरले म्हणाले, "तिथं भोंगा ऐकू यायला लागतो. ह्याला घेत्यात व्हय?" भावजी कुणाला न विचारता गेले आणि फाटकापाशी रांगेत उभे राहिले. ठेकेदाराच्या मुकादमानं नाव विचारलं, उत्तर आलं नाही, त्यानं हात हलवून घालवून दिलं. भावजी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे. तिसऱ्या दिवशीही. रांगेत त्यांच्या मागं सावंत होते. कोकणातून नुकते आलेले, काळेवाडीला खोली घेऊन राहणारे. सावंतांची मालवणी इकडे कुणाला धड समजत नसे, लोक त्यांना चेष्टेनं पुन्हा पुन्हा बोलायला लावत. ते पुढं होऊन मुकादमाला म्हणाले, "माझी भाषा तरी हंय कोणाक कळता? तरी माका घेतंस ना? ह्येका माझ्यावांगडा ठेव. हाक मी मारीन, हातान." मुकादमाला त्यातलं अर्धंच कळलं असेल. पण त्याला विटा वाहायला दोन माणसं हवी होती.

तेव्हापासून ही जोडी. सावंतांनी भावजींच्या सायकलीच्या दांड्याला छोटा आरसा बांधून दिला, मागून येणारी लॉरी दिसावी म्हणून. आत्याबाई त्या आरशाला रोज सकाळी पदरानं पुसायच्या.

बांधकाम संपलं आणि भावजींना बाटल्या धुवायच्या खात्यात कायमचं काम मिळालं. तिथली गंमत सावंतच सांगायचे. हजारो बाटल्या पट्ट्यावरून खणखणत जायच्या, यंत्रांचा एवढा गोंगाट, की कानाशी ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नसे. सगळेच बहिरे. आपोआप माणसं हातवारे करू लागली, आणि हातांनी बोलायला भावजी तिथं सगळ्यांच्या पुढं. हळूहळू सगळं खातं त्यांच्या खुणांनी बोलायला लागलं. चहा आला, साहेब आले, तुझ्या बायकोला बरं वाटतंय का... सगळं. एकदा मी डबा द्यायला गेले होते तेव्हा दारातून पाहिलं. सगळे कशावरून तरी हसत होते आणि ती गोष्ट सांगणारे भावजी होते.

काशी आमच्या शेतावर भुईमूग काढायला आली ती याच सुमाराला. चऱ्होलीची, लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत नवरा गेलेला, मूलबाळ नाही, भावाकडे राहायची. बोलकी होती. हात मातीत आणि तोंड सुरू. सुट्टीच्या दिवशी भावजी शेतावर असत. तिनं आठवड्याभरात आमच्या निम्म्या खुणा उचलल्या. एक दिवस तिनं त्यांना खुणेनंच विचारलं, तुमचं नाव काय? त्यांनी नेहमीप्रमाणे कानाकडे बोट नेऊन 'नाही' केलं.

"ह्ये काय नाव झालं?" काशी मला म्हणाली. त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि कपाळावरचा तो उभा झुपका पाहून आपल्या टाळूवर बोट गोल फिरवलं. भोवरेवाले. भावजींनी डोक्याला हात लावून पाहिला. हसले. त्या दिवसापासून तेच त्यांचं नाव झालं, कारखान्यातही गेलं.

आत्याबाईंनी मात्र लांबच्या एका गावची, पायानं अधू असलेली मुलगी हेरून ठेवली होती. त्यांच्या मते तीच जोड शोभणारी. भावजींनी मला मध्ये घालून विचारलं, त्या मुलीला कुणी विचारलंय का, तिला मी हवा आहे का? आत्याबाई म्हणाल्या, "तिला काय इचारायचं?" भावजींनी मान हलवली. मग मला वेगळं गाठून सांगितलं. काशी.

चऱ्होलीला काशीच्या भावाच्या ओट्यावर बैठक बसली. काशीचा भाऊ, गावातली जाणती चार माणसं, थोरले, सावंत. आम्ही बायका आत, उंबऱ्यापाशी. काशीचा भाऊ भला माणूस होता, त्याची काळजी खरी होती. "पोरगा कष्टाळू हाय, मान्य हाय. पन उद्या घरात चोर शिरला, आग लागली, तर ह्याला हाक कशी मारायची?" एक म्हातारे म्हणाले, "पोरंबी तशीच निपजली तर?" दुसरे कुणी म्हणाले, "तिला बोलायला मानूस नगं का?" बोलणं असं चाललं होतं, आणि ज्यांच्याविषयी चाललं होतं ते भावजी मध्ये बसून या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते. हात पुन्हा पुन्हा वळवत होते... काय? काय म्हणाले? कुणाचंच लक्ष नव्हतं.

मग ते उठले. उंबऱ्यापाशी आले आणि माझ्याकडे बघून दोन तळवे उघडले. माझं नाव घेतलं. तू बोल.

पुरुषांच्या बैठकीत सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती. मी थोरल्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ये भाईर. त्याचं बोलनं तुझ्याइतकं कुनाला येत न्हाई."

मी पदर सारखा करून बाहेर आले. भावजींचे हात हलू लागले आणि मी ते जसंच्या तसं सांगू लागले. "मी सोपान." कुणीतरी हसलं, कारण आवाज माझा. "मी कारखान्यात काम करतो. मला ऐकू येत नाही. ते तुम्हांला दिसतंच आहे, त्यावर फार बोलू नका. आग लागली तर तुमच्याआधी मला वास येईल. चोर आला तर..." इथं भावजी थांबले, विचार केला, "...चोर आला तर काशी माझ्या पाठीत धपका घालेल." आतून काशीचं हसू ऐकू आलं. "पोरं कशी होतील ते मला माहीत नाही. तुमची कशी होतील हे तुम्हांला आधी माहीत होतं का?" म्हाताऱ्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग भावजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी घाईघाईनं, खाली बघून पुटपुटले. ते माझ्या ओठांकडेच बघत होते. त्यांनी हात केला. पुन्हा. मोठ्यानं.

"मला काशी आवडते," मी म्हणाले. सगळ्या जाणत्या माणसांपुढं, घराण्यातली सून मी. कान असे तापले होते! आणि भावजी माझ्याकडे बघून समाधानानं मान डोलवत होते.

शेवटी काशीला विचारलं. ती उंबऱ्यात उभी राहिली, भावाकडे तोंड करून. "पैला नवरा बोलत व्हता, दादा. काय बोलायचा त्ये मला ठावं हाय, तुलाबी ठावं हाय. ह्यो मानूस बोलतो तवा माझ्याकडं बघून बोलतो. मला चालंल."

त्या महिन्यातच दोघांचा पाट लागला, विधवेचं दुसरं लग्न लागतं तसा. पंगतीत भावजी मधोमध बसले होते.

त्यांनी पिंपरीला, कारखान्याजवळ, चाळीत खोली घेतली. शेजारी निर्वासितांच्या वसाहतीतून आलेली एक सिंधी बाई राहायची. तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. चाळीत तिचं सगळ्यात छान जमलं ते भावजींशी. सुमनचा जन्म झाला तेव्हा आत्याबाईंनी पाळण्यामागं जाऊन थाळी वाजवली. पोर दचकून रडली आणि आत्याबाईही रडायला लागल्या, आनंदानं. भावजींनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, तिला ऐकू येतं. ते खूश झाले. पण थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, नसतं ऐकू आलं तर? माझ्यासारखी झाली असती ना? मग? त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. पाळण्याला त्यांनी एक दोरी बांधली आणि झोपताना दुसरं टोक आपल्या मनगटाला. पोर हलली की काशीच्या आधी हे जागे. आत्याबाई सुमन रांगायला लागली त्या वर्षी गेल्या. जाताना त्यांची एकच काळजी उरली होती, सायकलीचा आरसा कोण पुसेल.

सगळं चांगलंच झालं असं मात्र नाही. मध्ये खात्यावर एक नवे साहेब आले. मनानं चांगले. त्यांना वाटलं, ऐकू न येणाऱ्याला यंत्रापाशी ठेवणं धोक्याचं. त्यांनी भावजींना मागच्या गोदामात पाठवलं, खोकी रचायला. काम हलकं, जागा सावलीची, पगार तोच. पण तिथं दुसरं माणूस नव्हतं. दोन महिन्यांत भावजी असे वाळले, की काशीनं मला बोलावून घेतलं. घरी आले की भिंतीकडे तोंड करून बसायचे. सुमननं हात धरून ओढलं तरी बघायचे नाहीत. त्यांच्याकडे बघून मला चुलीपुढं एकटे जेवणारे सोपान आठवले. शेवटी सावंत आणि खात्यातली माणसं साहेबांकडे गेली. सावंत म्हणाले म्हणे, "साहेब, तेका सुखात ठेवलास, पण माणसांतसून काढलास." साहेबांनी ऐकलं, हेही सांगायला हवं. भावजी परत बाटल्यांपाशी आले आणि त्या संध्याकाळी सुमनला सायकलीवर पुढं बसवून सबंध पिंपरी फिरवून आणली.

आजारात मी त्यांच्या उशाशी असायची. हात उचलायला जड झाले होते, म्हणून बोलणं थोडं, बोटांपुरतं. एकदा ते म्हणाले, मला कान नाहीत याचं लहानपणी काही वाटायचं नाही. घरातले सगळे हसायचे, मी विचारायचो, का हसता? सगळे हात हलवून सांगायचे, काही नाही... त्याचं वाटायचं. मग म्हणाले, आता कुणी काही नाही म्हणत नाही. सगळं सांगतात. सावंत तर नको तेही सांगतो. आणि हसले.

तेराव्याला चाळीच्या अंगणात बाटल्यांच्या खात्यातली सगळी माणसं आली होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पण हात चालले होते. इकडून तिकडे, भावजींच्याच खुणांनी. थोरले एका बाजूला बसून ते बघत होते. आपल्या धाकट्या भावाचं बोलणं इतक्या परक्या माणसांना येतं, हे त्यांनी असं एकत्र कधी पाहिलं नव्हतं.

काशी चिखलीला राहायला तयार नाही. पॅकिंगच्या खात्यात बायका घेतात, तिथं सावंतांनी तिच्यासाठी शब्द टाकला आहे. तोवर मी तिच्यासोबत राहते आहे. म्हणूनच परवाची गोष्ट मला बघायला मिळाली.

दुपारी एक बाई दारात आली. मोशीकडची, शेतकरी घरातली, सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. बाई ओशाळून म्हणाली, "हितं सोपान म्हनून ऱ्हात्यात न्हवं? ऐकू येत न्हाई, पन कारखान्यात कामाला हायत, लगीन झालंय, असं ऐकलं. माझी पोरगी तशीच हाय. मला नुसतं बघायचं व्हतं त्येस्नी." काशीनं तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं. बाई सुन्न झाली. "मग उगाच तरास दिला तुमाला," म्हणून उठायला लागली. काशीनं तिचा हात धरून खाली बसवलं. मुलगी आईला चिकटून उभी होती, आणि सारखी आपल्या कानाच्या पाळीला चिमटा घेऊन आईकडे बोट करत होती.

"असंच करती दिसभर," आई म्हणाली. "कान दुखतो का काय, कळत न्हाई. तेल घालून झालं, शेकून झालं."

काशीनं मुलीला जवळ घेतलं. तिच्या पाळीला हात लावला, मग आईच्या कानातल्या डुलाला लावला, आणि हात वळवून विचारलं. मुलीची मान अशी जोरजोरात हलली!

"कान दुखत न्हाई तिचा," काशी म्हणाली. "तुमच्या कानातले डूल मागती ती."

आईनं तोंडावर पदर धरला. मुलीचे कान बाळपणी टोचलेले होते. आजारपणात डूल काढून ठेवले, भोकं बुजली. ऐकू न येणारे कान पुन्हा कशाला टोचायचे, म्हणून राहून गेलं. ते कुणी ठरवलंही नव्हतं.

काशी उठली आणि बाजारपेठेतल्या सोनाराला घेऊनच आली. सिंधी शेजारीण हळद-तेलाची वाटी घेऊन बसली, मी मुलीचं डोकं मांडीवर धरलं. तार टोचली तेव्हा मुलगी ओरडली, मोठ्यानं, साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं. मग काशीनं पुढं आरसा धरला. रडणं मध्येच थांबलं. ती उठली, थेट बाहेर गेली आणि चाळीतल्या पहिल्या दारापुढं उभी राहिली. मान वळवून आधी एक कान दाखवला, मग दुसरा. आतली बाई बाहेर येऊन वाकून बघू लागली. मुलगी पुढच्या दारात गेली. मग त्याच्या पुढच्या. दाराआड निजलेले रात्रपाळीचे लोकसुद्धा उठून बाहेर आले. तिची आई भिंतीला धरून उभी होती. आपल्या मुलीभोवती इतकी माणसं जमलेली ती पहिल्यांदा बघत होती.

काशी माझ्याशेजारी उंबऱ्यात उभी होती. 

"ह्यांस्नी दाखवाय पायजे व्हतं," ती म्हणाली, आणि सुमनला कडेवर घेऊन त्या मुलीच्या मागोमाग पुढच्या दाराकडे चालू लागली.